चिनी विद्यार्थ्यांची आयल्ट्सची तयारी

परदेशी विद्यापीठांत शिकायला जाणारे अनेक चिनी विद्यार्थी आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे या परीक्षेचे 4 भाग. सर्वोच्च बँड 9.

चिनी विद्यार्थ्यांच्या अडचणी बऱ्याचदा मँडरिनच्या घडणीतून येतात. तिथे काळानुसार क्रियापदाचे रूप बदलत नाही; ‘काल’, ‘उद्या’ असे शब्द आणि काही अव्यये काळ सांगतात. म्हणून ‘यस्टरडे आय गो’ असे वाक्य सहज तोंडून निघते. ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच असल्याने उत्तम इंग्रजी बोलणाराही बहिणीला ‘शी’ऐवजी ‘ही’ म्हणून जातो. मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी जोडव्यंजन येतच नाही. त्यामुळे ‘वर्क्ड’मधला शेवटचा ‘ट’ गळतो आणि माहीत असलेला भूतकाळही परीक्षकाला ऐकू येत नाही.

यावर खरा उपाय सरावाचाच. बोलण्याच्या दुसऱ्या टप्प्यात 1 मिनिट तयारीला आणि 1 ते 2 मिनिटे बोलायला मिळतात. रोज कालचा एखादा प्रसंग तेवढ्याच वेळात सांगावा, रेकॉर्ड करावा आणि ऐकताना फक्त शब्दांच्या शेवटांकडे लक्ष द्यावे. निबंधाला साधारण 40 मिनिटे आणि किमान 250 शब्द. त्यातली शेवटची काही मिनिटे क्रियापदे, अनेकवचने आणि ‘अ’, ‘द’ ही उपपदे तपासायला राखून ठेवावीत.

साचेबंद उत्तरे मात्र पाठ करू नयेत. परीक्षक घोकंपट्टी लगेच ओळखतात आणि तिचे गुण मिळत नाहीत. साधे, पण स्वतःचे वाक्यच कामी येते.