गाडीला दम लागतो म्हणून…

"आई, गाडीला धड श्वास घेता येत नाहीये," असं आमच्या चिरंजीवांनी एका रात्री जेवताना जाहीर केलं. सासूबाईंना ऐकू कमी येतं. "कुणाला दमा झाला?" असं त्यांनी विचारलं आणि आम्ही सगळे हसलो. हसता हसता मी मात्र पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. ते आलंच. "बावीस हजार लागतील."

भगिनींनो, हा आकडा त्याला कुठून सुचला ते मी ओळखून होते. आठच दिवसांपूर्वी मला भिशी लागली होती. आमच्या नायगावातल्या बारा जणींची, महिना दोन हजारांची भिशी. चोवीस हजार हाती आले होते आणि ते सासूबाईंच्या कानाच्या यंत्रासाठी मी कपाटात वेगळे ठेवले होते. घरात पैसे आले की त्यांचा वास सगळ्यांना आपोआप लागतो, हा काही फक्त माझ्या घरचा अनुभव नसेल!

पण मुलाची तक्रार खोटी नव्हती. दहा वर्षांची ही लहानशी गाडी आम्ही घेतली तीच मुळी सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. त्यांना बसमध्ये चढवत नाही, टॅक्सी वेळेला मिळेल याचा भरवसा नाही, आणि दवाखाना तर चुकत नाही. गेले तीन-चार महिने चौघं बसून एसी लावला की परळच्या उड्डाणपुलावर गाडी रडकुंडीला यायची. पाय दाबावा तरी पुढे जाईना. मागून हॉर्न, आत सासूबाईंचं रामनाम.

चिरंजीवांच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने निदान केलं होतं की इंजिनाला हवा कमी पडते. कंपनीचा फिल्टरचा डबा काढायचा, त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि जाड पाईप बसवायचा, शिवाय इंजिनाचं हेड उतरवून हवा आत जायच्या वाटा घासून रुंद करायच्या. याला ते लोक पोर्टिंग म्हणतात. मग गाडी कशी पळते बघा!

मी आठ दिवस मागून घेतले. नाही म्हणायला एक क्षण पुरतो, पण "तुला काय कळतं त्यातलं" हे ऐकायची माझी तयारी नव्हती. तेव्हा आधी कळून घ्यायचं ठरवलं.

तशी हवेची आणि इंजिनाची गोष्ट या घराला नवी नाही. आमचे मामंजी टॅक्सी चालवायचे. आधी फियाट आणि मग तिचीच पुढची पद्मिनी, १०८९ सीसीची. मुंबईच्या रस्त्यावरून ती काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्रातला फोटो कापून ठेवला. गिरण्या चालू होत्या तेव्हा इथल्या हवेत कापसाचा तूस असायचा. मामंजी रविवारी फिल्टरचं झाकण उघडून तो झटकायचे आणि म्हणायचे, "हिचं नाक चोंदलं की ही पेट्रोल जास्त पिते."

मामंजींचं म्हणणं त्यांच्या गाडीपुरतं बरोबर होतं. पेट्रोल जळायला हवा लागते, आणि थोडीथोडकी नव्हे. वजनाने एक भाग पेट्रोलला जवळजवळ पंधरा भाग हवा. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा! आमच्याकडच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली डोळ्यांपुढे आणा. छत दहा फूट उंच धरलं, तर त्या खोलीतली सगळी हवा पाच लिटर पेट्रोलात संपेल. जुन्या गाडीत कार्ब्युरेटर असायचा. फिल्टर तुंबला की हवा कमी पडे, पेट्रोल मात्र जास्त ओढलं जाई. हल्लीच्या गाडीत आत किती हवा आली ते यंत्र मोजतं आणि तेवढंच पेट्रोल सोडतं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली हे तपासून पाहिलं. नव्या तऱ्हेच्या गाड्यांत फिल्टर तुंबला तरी अ‍ॅव्हरेजमध्ये फारसा फरक पडला नाही, पण वेग घेण्यात गाड्या मागे पडल्या. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मात्र स्वच्छ फिल्टरने पेट्रोलची बचतही होते, शेकडा दोन ते सहा. तेव्हा "अ‍ॅव्हरेज वाढेल, पैसे वसूल होतील" हा चिरंजीवांचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

राहिली ताकद. इथे मला आमच्या जुन्या चाळीतला सार्वजनिक नळ आठवला. चावी अर्धी बंद असेल आणि तुम्ही मागची पाईप दुप्पट रुंद केलीत, तर बादली लवकर भरते का? नाही भरत. गाडीतही फिल्टरच्या पुढे अशीच एक चावी असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते, पाय उचलला की मिटते. भोईवाड्यातून निघून आंबेडकर रस्त्याने परळला जाईपर्यंत आमची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. २०२५ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून तर विचारूच नका. अशा वेळी ती चावी जेमतेम किलकिली असते. हवा अडते ती तिथे. फिल्टरपाशी नव्हे. रुंद वाटांचा उपयोग पाय पूर्ण दाबलेला असताना, इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेत असताना. शर्यतीत पळणाऱ्यांना तो होतो, आणि त्यांनी तो जरूर करावा. आम्हाला शर्यत लावायची आहे ती दवाखान्याच्या नंबराशी.

"पण घाटात?" चिरंजीव म्हणाले. गणपतीला आम्ही गावी जातो, वर्षातून एकदा. मी म्हटलं, कशेडीला आता बोगदा झालाय. ह्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

उघड्या फिल्टरची आणखी एक गंमत सांगते. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ असते. तीन अंश तापमान वाढलं की हवा शेकडा एकाने हलकी होते, म्हणजे तेवढीच ताकदही कमी. मेमधल्या दुपारी अडकलेल्या रहदारीत बॉनेटखाली काय भट्टी पेटते ते हात लावून बघा. आवाज मात्र झकास घुमतो, आणि आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते. प्रेशर कुकरच्या शिट्टीने भात लवकर शिजतो असं आपण मानत नाही, पण गाडीच्या बाबतीत पुरुष मानतात.

यावर गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं. "वहिनी, मग पाईप खाली बंपरपाशी सोडतो, तिथे थंड हवा मिळते." हे ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला.

नायगावात राहणाऱ्या बाईला हिंदमाता सांगायला नको. तिथे दर पावसाळ्यात पाणी भरतं. अलीकडे महापालिकेने जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या, उड्डाणपुलांना जोडणारा रस्ता उंच केला, त्याने पुष्कळ फरक पडला. तरी २६ जुलै २००५ ची रात्र ज्यांनी काढली, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यांची भीती काही जात नाही. गाडी बनवणारे हवा घ्यायचं तोंड वरच्या बाजूला ठेवतात ते उगाच नाही. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. इंजिनात पाणी शिरलं की आतला दांडा वाकतो आणि मग हजारांचं नाही, लाखाचं बोलणं सुरू होतं. आमच्या इमारतीतल्या एकांचं तसंच झालं. गाडी पाण्यात बंद पडली आणि त्यांनी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला. तेवढं कधी करू नका, गाडी ढकलून बाहेर काढा. विम्यातून काही मिळालं नाही, कारण साध्या पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा धरत नाहीत. त्याचं संरक्षण जादा पैसे भरून वेगळं घ्यावं लागतं. ते तुमच्या पॉलिसीत आहे का, हे आजच कागद काढून पाहा.

शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत मनाला येईल तसा फरक करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत तेच बजावलं. तसाच्या तसा नवा फिल्टर घालणं वेगळं आणि इंजिन उघडून त्यात कोरीव काम करणं वेगळं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं, तर गॅरेजवाला आपल्या बाजूने उभा राहणार आहे का?

हे सगळं ऐकून चिरंजीव गप्प झाले, पण रुसले. त्याचं मला वाईट वाटलं. कारण पुलावर गाडी दमते हे खरंच होतं, आणि आजीला घेऊन जाताना मागचे लोक ओरडतात याची त्यालाच जास्त लाज वाटायची. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. मी म्हटलं, "चल, आहे तो डबा तर आधी उघडू."

चार खटके उघडले आणि झाकण निघालं. आतला कागदी फिल्टर पांढरा असतो म्हणे. आमचा शाडूच्या मातीसारखा करडा होता. घड्यांमध्ये सिमेंटची बारीक धूळ ठासून भरलेली! आजूबाजूला चाळी पाडून टॉवर उठताहेत. एकट्या नायगावातच बीडीडीच्या ४२ चाळी. आपल्या खिडक्यांवर, पापडांवर जी धूळ बसते तीच गाडीच्या नाकात गेली होती. मामंजींच्या वेळी कापूस, आमच्या वेळी सिमेंट. शेवटचा फिल्टर कधी बदलला ते ना ह्यांना आठवेना, ना चिरंजीवांना.

नवा फिल्टर साडेतीनशेला आला. दुसऱ्या, जरा वयस्क मेकॅनिककडून ती हवेची चावी साफ करून घेतली, तिच्यावर काजळी धरली होती. त्यांनीच टायर तपासले. चारही टायरांत हवा कमी, आणि मागचं एक ब्रेक घासत होतं. म्हणजे गाडीचं नाक चोंदलेलं, आणि पायातही बेडी! एकंदर खर्च एकोणीसशे साठ.

रविवारी चौघं बसून, एसी लावून पुलावर गेलो. गाडी विमानासारखी उडाली असं सांगणार नाही. दहा वर्षांची लहान गाडी आहे, तिच्या मानाने चढली. पण दुसऱ्या गिअरवर आणावी लागली नाही आणि मागून कुणी ओरडलं नाही. चिरंजीवांनी टाकी पूर्ण भरून, महिनाभर चालवून, पुन्हा भरून हिशेब काढला. अ‍ॅव्हरेज किंचित वाढलं. त्याचं श्रेय मी फिल्टरला देत नाही, टायरला आणि ब्रेकला देते.

सासूबाईंच्या कानाच्या यंत्राला थोडे पैसे कमी पडले, ते चिरंजीवांनी आपल्या पगारातून घातले. मी मागितले नव्हते. परळच्या दवाखान्यात माप द्यायला तोच त्यांना घेऊन गेला. येताना आजीने गाडीचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला आणि विचारलं, "एवढी का रे घरघरते ही?" यावर आता पुन्हा काही खर्च निघू नये म्हणून मी चटकन विषय बदलला.

फिल्टरचा डबा उघडायचं काम आता माझ्याकडे आहे. कालनिर्णयच्या मेच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली, लाल शाईने लिहून ठेवलंय.