जुनिपरला पाणी लागत नाही?

‘जुनिपर आहे, याला काही करावं लागत नाही. आठवड्यातून एकदा ग्लासभर पाणी घाला, पुरे.’ रोप विकत घेताना हा सल्ला हमखास मिळतो, आणि कुंडीतले कितीतरी जुनिपर याच सल्ल्याने वाळतात. झाड दुष्काळ सोसणारं आहे, हे खरं. पण कुठे आणि कशाच्या जोरावर, ते सांगायचं राहून जातं.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत पिन्यॉन पाइन आणि जुनिपर एकाच माळरानावर वाढतात. २००२-०३च्या दुष्काळात तिथे काही ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक पिन्यॉन मेले, जुनिपर मात्र बहुतेक तगले. पाणी कमी पडताच पाइन पानांची रंध्रं मिटून घेतो. त्यामुळे पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही थांबतं. अशक्त झालेल्या त्या झाडांना मग सालीखालच्या भुंग्यांनी गाठलं. जुनिपरच्या लाकडातल्या जलवाहिन्या जबर ताण सोसतात, त्यांत हवा शिरून प्रवाह सहजी तुटत नाही. म्हणून त्याचं काम बरंच पुढेपर्यंत चालू राहतं. त्याला जोड असते खवल्यांसारख्या बारीक, मेणचट पानांची आणि लांबवर गेलेल्या मुळांची.

कुंडीत नेमकी ही मुळंच नसतात. एप्रिलच्या उन्हात लहान कुंडीतली माती एक-दोन दिवसांत कोरडी पडते. जमिनीत लावलेल्या रोपालाही मुळं धरेपर्यंत, म्हणजे पहिली एक-दोन वर्षं, पाणी द्यावंच लागतं. त्यासाठी वार ठरवू नका. बोट दोन इंच मातीत खुपसा. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी घाला, ओलं लागलं तर थांबा. ग्लासभर पाण्याने फक्त वरचा थर भिजतो.

पावसाळ्यात उलट संकट येतं. जुनिपरला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, मुळं कुजतात. नुसत्या काळ्या मातीत तो लावू नका. जाडी वाळू किंवा विटांचा चुरा भरपूर मिसळा आणि कुंडीखालची ताटली काढून टाका. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत तो त्यातल्या त्यात बरा राहतो. कोकणातल्या पावसात त्याला छपराखाली, पण उजेडात ठेवावं लागतं.

‘हिरवा आहे ना, म्हणजे ठीक आहे’ हा समज सर्वांत महागात पडतो. जुनिपरची तोडलेली फांदीसुद्धा काही आठवडे हिरवी दिसते. पानं तपकिरी पडतात तोवर मूळ बिघाड जुना झालेला असतो. शंका आली की कोवळ्या फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे. खोडाजवळची जुनी पानं मात्र तपकिरी होऊन गळतातच, त्याने घाबरू नये. उन्हाळ्यात झाड धुरकट, फिकट दिसू लागलं तर फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावरचे ठिपके चालू लागले, तर ती लाल कोळी ही कीड आहे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड आतून-बाहेरून धुवा, दर काही दिवसांनी पुन्हा धुवा.

छाटणीत जास्वंद-मेंदीची सवय इथे नडते. त्यांना बुडाशी छाटलं तरी फुटवे येतात. जुनिपरच्या पानं नसलेल्या जुन्या लाकडावर सहसा फूट येत नाही, तिथे कायमचं टक्कल राहतं. म्हणून नेहमी हिरव्या भागातच, थोडं थोडं कापा.

त्याची निळसर ‘फळं’ खरं तर मांसल शंकू असतात. जिनला स्वाद देणारा आणि आयुर्वेदात हपुषा म्हणून येणारा जुनिपर ही त्याच्या जातींपैकी एक विशिष्ट जात. काही जाती विषारी असल्याने कुंडीतल्या झाडाची फळं तोंडात घालू नका. आणि मुलं वहीत ठेवतात ती ‘विद्या’ म्हणजे मोरपंखी, जुनिपर नव्हे. तिची पानं चपट्या पंख्यासारखी उभी असतात, शंकू वाळून उकलतात.

शेवटी जागेचं. सदाहरित म्हणून हा दिवाणखान्यात शोभेल असं वाटतं, पण त्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन आणि खेळती हवा हवीच. तेवढं ऊन घरी येत नसेल तर जुनिपर घेऊ नका; मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट घ्या.