अंतर्भूत ग्राफिक्स आणि प्रारंभिक श्रेणीचे ग्राफिक्स कार्ड : निवडीचा निकष

संशोधनकार्यासाठी संगणक घेताना ग्राफिक्सचा प्रश्न पुष्कळदा एका गृहीतावर सोडविला जातो. स्वतंत्र कार्ड, मग ते कितीही अल्पमोलाचे असो, प्रोसेसरमध्ये अंतर्भूत असलेल्या ग्राफिक्सपेक्षा सरसच असणार, हे ते गृहीत होय. एके काळी ते बव्हंशी खरे होते. आज मात्र ते तपासून घेणे अगत्याचे झाले आहे. विभागाच्या मर्यादित अनुदानातील रक्कम सार्थकी लागते की वाया जाते, हे त्यावर अवलंबून असते.

प्रथम या दोहोंतील मूलभूत भेद पाहू. पूर्वी अंतर्भूत ग्राफिक्सचे स्थान मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये असे. इंटेलचा १९९९ मधील ८१० हा चिपसेट त्याचे उदाहरण होय. २०११ मध्ये इंटेलच्या ‘सँडी ब्रिज’ प्रोसेसरांत ते मुख्य प्रोसेसरच्याच चिपवर आले, आणि त्याच वर्षी एएमडीचेही अशा रचनेचे प्रोसेसर उपलब्ध झाले. या ग्राफिक्सला सामान्यतः स्वतःची मेमरी नसते. ते संगणकाच्या मुख्य मेमरीत वाटेकरी होते. कार्डावर मात्र स्वतंत्र मेमरी बसविलेली असते.

चित्रनिर्मितीत गणनेच्या वेगाइतकेच महत्त्व मेमरीतून दर सेकंदास किती माहिती आणता येते, यास आहे. यास मेमरीची वाहनक्षमता म्हणता येईल. डीडीआर४-३२०० मेमरीची ६४ बिट रुंदीची एक वाहिनी सेकंदास २५.६ गिगाबाइट माहिती वाहून नेते. दोन वाहिन्यांत मेमरीची एकेक पट्टी बसविल्यास ही क्षमता ५१.२ होते. एकच पट्टी बसविलेल्या संगणकात अंतर्भूत ग्राफिक्स मंद वाटते, त्याचे एक प्रमुख कारण हेच.

या दृष्टीने एनव्हिडियाच्या जीटी १०३० या कार्डाचे उदाहरण बोधप्रद आहे. २०१७ मधील मूळ कार्डात जीडीडीआर५ मेमरी होती व तिची वाहनक्षमता सेकंदास ४८ गिगाबाइट होती. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले. त्याची क्षमता अवघी १६.८, म्हणजे वर उल्लेखिलेल्या एका वाहिनीपेक्षाही कमी. अर्थात मुख्य मेमरीवर प्रोसेसरचाही भार असतो, आणि काही प्रोसेसरांतील ग्राफिक्स केवळ पडद्यावर चित्र दाखविण्यापुरतेच असते. त्यामुळे ही तुलना सरसकट लावता येणार नाही. तथापि कार्डाचे नाव हे त्याच्या सामर्थ्याचे प्रमाण नव्हे, एवढे यावरून निश्चित होते.

याचा अर्थ स्वतंत्र कार्ड निरुपयोगी आहे, असा मात्र नव्हे. २०२४ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०५० च्या ६ गिगाबाइट आवृत्तीची वाहनक्षमता १६८ असून तिची वीजमर्यादा ७० वॅट आहे. मदरबोर्डवरील खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकत असल्याने तिला स्वतंत्र वीजजोडणी अपरिहार्य नसते. शिवाय एनव्हिडियाच्या ‘कूडा’ प्रणालीवर आधारलेले गणन हेच संशोधनाचे साधन असेल, तर अंतर्भूत ग्राफिक्स त्याची जागा घेऊ शकत नाही. तेथे कार्डावरील मेमरीचा आकारही निर्णायक ठरतो. कारण प्रश्न त्या मेमरीत मावला नाही, तर वेगाचा लाभ बहुतांशी नष्ट होतो.

यास्तव निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम घेतलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे की नाही, हे पाहावे. इंटेलच्या ‘एफ’ अक्षरांकित प्रोसेसरांत ते नसते. लेखन, संख्याशास्त्रीय विश्लेषण व सामान्य आलेख एवढेच काम असल्यास कार्ड न घेता दोन्ही वाहिन्यांत मेमरी बसवावी. वाढलेल्या मेमरीचा लाभ इतर सर्व कामांसही मिळतो. कार्ड घ्यावयाचेच असल्यास त्याच्या मेमरीचा प्रकार, आकार व वाहनक्षमता ही तीन मूल्ये पाहून घ्यावे. ज्या कार्डाची ही मूल्ये संगणकात आधीच असलेल्या साधनाहून फारशी वरचढ नाहीत, त्याची किंमत कितीही कमी असली तरी तो खर्च महागच होय.