कार्यग्लानीचें मोजमाप

प्राध्यापकाचें काम म्हणजे दिवसाचे दोन तास बोलणें आणि उन्हाळ्यांत लांबलचक सुटी, अशी समजूत सुशिक्षितांतहि अद्यापि आढळते. ज्यांच्या घरांत प्राध्यापक आहे त्यांची मात्र ती केव्हांच मावळलेली असते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, समित्या, अहवाल, संशोधनाचा तगादा, आणि नेमणूक तासिका तत्त्वावरची असल्यास पुढील वर्षाची अनिश्चितता, यांनीं माणूस दमतो. पण दमणें वेगळें व करपणें वेगळें. या करपण्याला ‘बर्नआउट’ हें नांव देऊन न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनीं १९७४ सालीं तें शास्त्रीय चर्चेंत आणलें. आम्ही त्याला कार्यग्लानि म्हणूं.

ही ग्लानि मोजावयाची कशी? क्रिस्टिना मास्लाक व सुझान जॅक्सन या विदुषींनीं १९८१ सालीं २२ विधानांची प्रश्नावलि प्रसिद्ध केली. ‘असें कधींच वाटत नाहीं’ याला ०, ‘रोज वाटतें’ याला ६. तींत तीन गोष्टी पाहिल्या जातात: भावनिक थकवा, ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांच्याविषयींचा कोरडेपणा, आणि हातून कांहीं घडत असल्याचें समाधान. शिक्षकांसाठीं तिची निराळी आवृत्ति १९८६ सालीं निघाली.

एकाच भागांतील विधानांचीं उत्तरें परस्परांशीं किती जुळतात हें पाहण्याचें एक माप आहे. ली क्रॉनबाख यांनीं १९५१ सालीं मांडलेला ‘आल्फा’ तो हाच. मूळ प्रश्नावलींत थकव्याचा आल्फा ०.९०, कोरडेपणाचा ०.७९ व समाधानाचा ०.७१ भरला. आंकडे चांगले आहेत. परंतु एकच गोष्ट नऊ प्रकारें विचारली तर उत्तरें जुळणारच! स्वयंपाकघरांतील वजनकांटा दर वेळीं पाव किलो जास्त दाखवीत असेल, तर त्याच्या एकवाक्यतेचें कौतुक करून साखरेचा हिशेब थोडाच बरोबर येणार आहे? शिवाय प्रश्नावलि परीक्षेच्या ऐन हंगामांत भरून घेतली कीं सुटीनंतर, यावरहि पुष्कळ अवलंबून असतें.

याहून आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. इतके टक्के अध्यापक ग्लानिग्रस्त, असें आपण वाचतों. पण ती रेघ कोणीं मारली? या प्रश्नावलीच्या जुन्या मार्गदर्शिकेंत नमुन्यांतील लोकांचे गुणानुक्रमें तीन समान भाग करून वरच्या तिसऱ्या भागाला ‘तीव्र’ म्हटलें होतें. म्हणजे त्या नमुन्यांतील सर्वच लोक आनंदांत असते तरीहि त्यांतले एकतृतीयांश ‘तीव्र’ ठरलेच असते! २०१६ च्या आवृत्तींतून ही विभागणी काढून टाकण्यांत आली. जुन्या रेघेवर काढलेल्या टक्केवाऱ्या मात्र अजून उद्धृत होतात.

डेन्मार्कमधील टागे क्रिस्टेन्सेन व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं दुसरी वाट धरली. कोरडेपणा ही ग्लानि नव्हे, तो ती सोसण्याचा एक मार्ग आहे, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या १९ प्रश्नांत थकव्यावरच भर आहे. मात्र तो एकंदर जीवनांतला, कामामुळें आलेला आणि माणसांशीं सतत संबंध आल्यामुळें आलेला, असा वेगवेगळा विचारला जातो. विद्यापीठांतील माणसाला हा भेद आम्हांस फार उपयोगी वाटतो. विद्यार्थ्यांत रमणारा, पण कागदपत्रांनीं पिचलेला अध्यापक यांत ओळखूं येतो. आणि दोघांवरचा उपाय कांहीं एक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१९ सालीं कार्यग्लानि हा रोग न मानतां नोकरीशीं निगडित अवस्था मानली. तेव्हां चौकशी माणसाइतकीच त्याच्या कचेरीचीहि व्हावयास हवी.

आमच्या परिचयाचे एक तासिका तत्त्वावरील अध्यापक आहेत. त्यांच्या महाविद्यालयानें अशीच एक प्रश्नावलि वाटली. वर नांव लिहावयाचें, आणि भरलेला कागद विभागप्रमुखांकडे द्यावयाचा. त्यांनीं थकव्याच्या प्रत्येक विधानापुढें शून्य लिहिलें. रात्रीं घरीं पत्नीनें सहज तींच विधानें वाचून दाखविलीं, तेव्हां उत्तरें पांच आणि सहा अशीं आलीं. त्यांच्याबरोबर लागलेले दुसरे एक गृहस्थ दिवाळीपूर्वींच नोकरी सोडून गेले होते. त्यांना अर्थातच कागद मिळाला नाहीं.