नेश
नेश : इंग्रजीच्या प्रादेशिक बोलींतील एक प्राचीन विशेषण. थंडी न सोसणारा, थोड्याशा गारठ्यानेही कुडकुडणारा, हा त्याचा सध्याचा रूढ अर्थ. इंग्लंडच्या मध्य व वायव्य भागांत, विशेषतः स्टॅफर्डशर, डर्बिशर, नॉटिंगॅमशर, श्रॉपशर व लँकाशर ह्या परगण्यांत, तसेच दक्षिण यॉर्कशरमध्ये ते वापरले जाते. हा अर्थ नेमकेपणाने सांगणारा एकच शब्द प्रमाण इंग्रजीत नाही.

व्युत्पत्ती व इतिहास : प्राचीन इंग्रजीतील ‘ह्नेशे’ ह्या विशेषणापासून हा शब्द आला. मऊ, कोवळा, दुर्बल असे त्याचे अर्थ होते. त्याचा सगोत्र गॉथिक शब्द बायबलच्या चौथ्या शतकातील गॉथिक भाषांतरात मऊ वस्त्रांच्या संदर्भात आढळतो. शुभवर्तमानांच्या प्राचीन इंग्रजी भाषांतरातही त्याच ठिकाणी ‘ह्नेशे’चे रूप योजिलेले आहे. पुढे ‘न’पूर्वीचा ‘ह’ उच्चारातून लोपला. ‘ह्नुतु’ (कठीण कवचाचे फळ) ह्या शब्दाचे ‘नट’ असे रूप झाले, ते ह्याच प्रक्रियेने. ‘नाइस’ हा शब्द उच्चाराने जवळचा वाटला, तरी तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला असून त्याचा ‘नेश’शी संबंध नाही.

मध्य इंग्रजीत ‘नेश’ हा सर्वसामान्य शब्द होता. पदार्थाचा मऊपणा, शरीराचा नाजूकपणा व मनाचा दुबळेपणा हे तिन्ही त्याने व्यक्त होत. ‘कठीण’ ह्या अर्थाच्या शब्दाशी त्याची जोडी करून ‘सुखात वा दुःखात, कोणत्याही स्थितीत’ असाही अर्थ सूचित केला जाई. कालांतराने ‘सॉफ्ट’ हा देशी आणि ‘टेंडर’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द ह्यांनी प्रमाण भाषेत त्याची जागा घेतली. बोलींत मात्र तो टिकून राहिला. म्हणूनच ‘नेश’ हे प्रमाण शब्दाचे बिघडलेले रूप नव्हे. प्रमाण भाषेने टाकलेला शब्द बोलीने जतन केला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

वापर : बोलींत ह्या शब्दाचा अर्थ संकोचला, पण त्याला धार आली. तो बहुधा दुसऱ्याला उद्देशून, थट्टेने किंवा सौम्य निर्भर्त्सनेने वापरला जातो. इतरांच्या आधी कोट चढविणारा किंवा शेकोटीजवळून न हलणारा मनुष्य ‘नेश’ ठरतो. थंडी वाजणे ही शारीरिक गोष्ट असली, तरी ह्या शब्दाने ती स्वभावातील उणीव म्हणून दाखविली जाते. ज्या परगण्यांत तो रूढ आहे, त्यांपैकी अनेक दीर्घकाळ कोळशाच्या खाणींचे व कारखान्यांचे प्रदेश होते. कष्ट मुकाट्याने सोसणे हा तेथील श्रमिकांच्या जीवनात गुण मानला जाई. डी. एच्. लॉरेन्स ह्याच्या सन्स अँड लव्हर्स (१९१३) ह्या कादंबरीतील खाणकामगार मॉरेल हा शब्द पत्नीला चिडविताना वापरतो.

बोलीतील शब्दांच्या नोंदीचे मोठे कार्य जोसेफ राइट (१८५५–१९३०) ह्याने केले. यॉर्कशरमधील गिरणीत बालपणी काम केलेला व पौगंडावस्थेत अक्षरओळख झालेला राइट पुढे ऑक्सफर्ड येथे तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने संपादिलेल्या इंग्रजी बोलीकोशाचे सहा खंड १८९८ ते १९०५ ह्या काळात प्रसिद्ध झाले. शालेय शिक्षण, स्थलांतर व प्रसारमाध्यमे ह्यांमुळे अनेक बोलीशब्द मागे पडले. ‘नेश’ मात्र आजही बोलण्यात आहे.