नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम

नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम ही अमेरिकेतील वैद्यकीय पदवीधरांना निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षणाच्या जागा जुळवून देणारी व्यवस्था आहे. १९५२ पासून चालू असलेली ही व्यवस्था 'द मॅच' या नावाने परिचित आहे. निवासी प्रशिक्षणाशिवाय तेथे स्वतंत्रपणे व्यवसाय करता येत नसल्याने जागा न मिळालेल्या पदवीधराचे बहुधा वर्ष वाया जाते.

पार्श्वभूमी

१९४० च्या दशकात उमेदवारांपेक्षा जागा अधिक होत्या. चांगला विद्यार्थी हातचा जाऊ नये म्हणून रुग्णालये पदवीच्या बरीच आधी त्याच्याकडून होकार घेत. महाविद्यालयांनी ठरावीक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची माहिती देणे बंद केल्यावर ही घाई थांबली, पण दुसरी सुरू झाली. होकार कळवण्याची मुदत १९४५ मध्ये १० दिवसांची होती. १९४९ मध्ये १२ तासही रुग्णालयांच्या संघटनेला जास्त वाटले. हातातली जागा घ्यावी की अधिक आवडत्या जागेची वाट पाहावी, हा पेच यातून निर्माण झाला.

कार्यपद्धती

मुलाखतींनंतर उमेदवार रुग्णालयांचा आणि रुग्णालये उमेदवारांचा पसंतीक्रम गोपनीय रीतीने नोंदवतात. संगणक प्रत्येक उमेदवाराला त्याच्या पहिल्या पसंतीच्या जागी तात्पुरते बसवतो. पुढे त्या रुग्णालयाला अधिक पसंत असलेला उमेदवार आला, तर आधीचा बाजूला होऊन आपल्या पुढच्या पसंतीकडे वळतो. 'तात्पुरते' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अवघड जागा पहिली लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी बुडत नाही, म्हणून मनातला खरा क्रम लिहिणेच हिताचे ठरते. जुळणी दोन्ही पक्षांवर बंधनकारक असते. निकाल मार्चमध्ये लागतो.

सुधारणा

डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये स्थिर जुळणीचा सिद्धांत मांडला. मूळ पद्धत त्याच्याशी मिळतीजुळती, परंतु रुग्णालयांकडे झुकणारी आहे, असे ॲल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवले. रॉथ व इलियट पेरॅन्सन यांनी रचलेली उमेदवारकेंद्री पद्धत १९९८ पासून लागू झाली. एकाच शहरात जागा हवी असलेल्या जोडप्यांचीही तीत सोय आहे. शॅप्ली व रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजची खरी अडचण जुळणीच्या आधीची, अर्जांच्या पुराची आहे. इतर जण अनेक अर्ज करतात म्हणून प्रत्येकालाच तसे करावे लागते, आणि इतके अर्ज वाचणे अशक्य झाल्याने रुग्णालये परीक्षेच्या गुणांची चाळणी लावतात. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०२२ पासून परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा दिला जातो. परिणामी भार दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर गेला. मोजक्या रुग्णालयांना विशेष पसंती कळवणाऱ्या 'संकेत' पद्धतीचा प्रयोग २०२० मध्ये कान-नाक-घसा शाखेत सुरू झाला व नंतर इतर शाखांनी तो स्वीकारला. संकेतांची संख्या मर्यादित असल्याने त्यांना वजन येते.

भारतातील पदवीधरांनाही पात्रता प्रमाणपत्र मिळवून यात भाग घेता येतो. नीट-पीजीमध्ये गुणानुक्रमच जागा ठरवतो. येथे मात्र मुलाखत आणि शिफारसपत्रेही मोजली जातात.