शंभर, नव्वद, ऐंशी

सकाळचे सव्वासहा. काचेपलीकडे खारघरची टेकडी अजून धूसर आहे. दाजींचा ताप १०२.४. सिस्टरनी रात्रीत चारदा मोजलाय, आणि चारही वेळा आकडा लिहिण्याआधी मला दाखवलाय, जसं काही मला त्यातलं कळतं.

डॉक्टरमॅडम आत येतात. गाऊन, मास्क, टोपी. दिसतात ते फक्त डोळे, तेही जागरणाचे. स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवून विचारतात, "दादा, साल कोणतं? महिना? गाव कोणतं हे?"

"खारघर." दाजी दम घेतात. "तासगावात असतो तर तुम्ही कशाला भेटला असता?"

मॅडम हसत नाहीत. हॉस्पिटलचं नाव विचारतात. पेन दाखवतात, घड्याळ, खिडकी. दाजी नावं सांगतात. खिडकीपाशी जरा अडखळतात. "जीभ बाहेर काढा." काढतात.

दहा गुणांची ही परीक्षा रोज होते. पाच दिवसांपूर्वी दाजींच्या अंगात त्यांच्याच टी-पेशी परत सोडल्यात. महिनाभरापूर्वी मशीनवर रक्त फिरवून त्या काढून घेतल्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात नवा जनुक घातला. आता त्या सीडी-१९ ही खूण असलेली पेशी हुडकून मारतात. दाजींच्या लिम्फोमाच्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशींवर ती असते. चांगल्या बी-पेशींवरही असते, त्याही जातात. पिशवी केवढीशी! ३७ अंशांच्या पाण्यात वितळवली, लावली, काही मिनिटांत संपली. खोलीभर लसणाचा वास. "फोडणी घातली का काय," दाजी म्हणाले होते.

झुंजताना या पेशी जी रसायनं सोडायला लावतात, त्यांनी ताप चढतो, रक्तदाब पडतो, आणि कधीकधी मेंदू गोंधळतो. तो गोंधळ अक्षरात लवकर दिसतो.

मॅडम पॅड पुढे करतात. वाक्य रोज तेच, दाजींनीच ठरवलेलं: यंदाची छाटणी वेळेवर झाली. (केली मुलानं. दाजींनी इथून फोनवर शिव्या घातल्या.)

'छाटणी'पर्यंत ओळ सरळ जाते. 'वेळेवर' खाली घसरतं. 'झाली'तला 'ली' कागदावर उतरतच नाही.

मॅडम फाइलमधून कालचा कागद काढून शेजारी धरतात. दुपारी याच बाई प्रयोगशाळेत फ्लो सायटोमीटरवर या पेशींची मोजदाद बघतात. देशात अशी पहिली पिशवी ४ जून २०२१ रोजी इथल्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात चढली. त्याआधी, दुसऱ्यांदा उलटलेला लिम्फोमा म्हटलं की नातेवाइकांना बाजूला घेऊन खुर्चीत बसवायचं, एवढंच पुष्कळदा त्यांच्या हाती असायचं. लिफ्टची वाट बघताना त्यांनीच सांगितलं होतं मला. आत्ता त्या 'ली' शोधतायत.

"डेक्सामेथासोन तयार ठेवा," सिस्टरना हळूच सांगतात. मग दाजींकडे वळून, "आता शंभरपासून उलटे. दहा-दहा सोडून."

"शंभर. नव्वद. ऐंशी." डोळे मिटतात. "सत्तर…"

मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं. मी तोंडातल्या तोंडात साठ म्हणतो.

"साठ पेट्या."

मॅडम माझ्याकडे बघतात.

"द्राक्षांच्या," मी म्हणतो.

"पन्नास," दाजी म्हणतात.